दोन आखूड, एक लांब

१० मार्च

चि. बंड्यास,

ताईचे आशीर्वाद. पोचल्याचं कळवलं नाहीस, म्हणजे पोचला असशील. तू दुरुस्त केलेली स्वयंपाकघराची कडी अजून नीट बसते. तुझा एक पायमोजा पलंगाखाली सापडला, धुऊन ठेवलाय.

इथली बातमी अशी की क्रौंचाचं एक पिल्लू नाहीसं झालं. तू गेलास त्याच सकाळी. योगायोग बघ. हे पक्षी जगात बोटांवर मोजण्याइतके उरलेत, म्हणून आम्ही अंडी उबवून पिल्लं वाढवतो, हे तुला काय सांगायचं? तू आठवडाभर चहाबरोबर तेच तर विचारत होतास.

कुलूप फुटलेलं नाही, पिल्लांनी कालवा केलेला नाही. आमचे केंद्र चालवणारे डॉक्टर म्हणाले, "आतल्याच माणसाचं काम आहे हे." झालं, चोर सोडून संन्याशाला फाशी! रखवालदारकाकांना घरी बसवलं. काल डबा न्यायला आले तेव्हा म्हणाले, "पोरी, तुला तरी मी चोर वाटतो का?"

"नाही हो, काका."

"मग कोण वाटतं?"

मी उगाच घड्याळ बघितलं.

खरं सांगते, परवापर्यंत मला सगळ्यांचाच संशय येत होता. पिल्लांचं खाद्य आणणारा गाडीवाला नवे बूट घालून आला तरी मनात पाल चुकचुकायची. डॉक्टरांची बॅगसुद्धा मी डोळ्यांनी तोलली.

आमचा नियम तुला ठाऊक आहे. पिल्लांसमोर माणसाचा आवाज काढायचा नाही. पांढरा झगा घालायचा, हातावर क्रौंचाच्या डोक्यासारखा मोजा चढवायचा आणि त्याच्या चोचीने भरवायचं. त्या मोज्याला आम्ही 'सासू' म्हणतो. खायला घालते, पण टोचून. पिल्लांना माणूस आपला वाटला की संपलंच. मोकळं सोडलं तरी ती शिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहतील.

परवा काचेशेजारी सासू धुताना नकळत माझ्या तोंडून शीळ गेली. बाबा आपल्याला जेवायला हाक मारायचे ती. दोन आखूड, एक लांब. पलीकडची सगळी पिल्लं धावत काचेशी आली आणि माना पुढे करून उभी राहिली.

बाबा गेल्यावर ती शीळ फक्त आपल्या दोघांना येते, बंड्या. आणि मी आत कधी तोंड उघडलेलं नाही.

दुपारी मी पडायचे तेव्हा पिल्लांच्या खोलीची किल्ली खुंटीवर असायची. "असली पिल्लं लोक घरी पाळतात का गं?" असं तू विचारलंस, आणि मी हसले. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

तूच नेलंस असं मी म्हणत नाही, असं लिहिणार होते. पण म्हणते. तूच नेलंस. इतका राग मला तुझा कधी आला नव्हता.

टपालाची वाट बघायला धीर नाही, म्हणून गाडीवाल्याच्या हाती पत्र देतेय. सोबत एक झगा आणि सासू आहे. पिल्लू तुझ्या हातून खात असेल; आजपासून हिनेच भरव. बोलू नकोस, शीळ घालू नकोस. अजून लहान आहे, विसरेल कदाचित.

सोमवारी मी डॉक्टरांना शिळेचं सांगणार आहे. काकांना त्यापुढे एक दिवसही घरी बसू देणार नाही. त्याआधी पिल्लू घेऊन ये.

दाराशी आलास की बेल वाजव. शीळ घालू नकोस. मीही अजून त्या शिळेला धावत येते.

तुझी, अजून तरी,
ताई