जनान्तिकाची तीन बोटं

गुरुजी,

तुमसरमधल्या एका दवाखान्यातून एक काना चोरीला गेला आहे, आणि त्याची तक्रार तुमच्याशिवाय कुणाकडे नोंदवावी हे मला सुचत नाही. बाहेरच्या हॉलमध्ये निळ्या अक्षरांत पाटी आहे: 'कृपया शांतता पळा'. पाळा नव्हे, पळा. आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, अनेकवचन. शांततेने ती आज्ञा लगेच ऐकलेली दिसते, कारण हॉलमध्ये ती कुठंच नव्हती. दीड तास मी त्या पाटीखाली बसलो. तुम्ही असता तर बंडीच्या खिशातून खडू काढून खुर्चीवर चढला असता आणि तो काना जागेवर बसवला असता. एसटी स्टँडवरच्या पाटीचा तुम्ही असाच बसवला होता, आणि एकदा तर लग्नाच्या मांडवावरच्या पाटीचाही, वधूपक्षाच्या देखत. मी तेवीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवतो, खिशात पेन होता, तरी उठलो नाही. उठलं की लोक बघतात. त्या दिवशी मला कुणी बघू नये, एवढीच माझी इच्छा होती.

कशाला गेलो होतो ते तुमच्याच भाषेत सांगतो: मूत्रमार्गाने शोणित. दोन महिने झाले. साधा शब्द मला अजून उच्चारता येत नाही. संस्कृतात म्हटलं की ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं, एखाद्या जुन्या वैद्यकाच्या पोथीतल्या माणसाचं. दुखत काहीच नाही. नुसता रंग दिसतो, चार दिवस नाहीसा होतो, पुन्हा दिसतो. हे एका डॉक्टरला दार लावून हळू आवाजात सांगायचं, इतकंच काम होतं. घरून निघताना वाक्य तयार करून नेलं होतं, कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी. तिथला कंपाउंडर माझा जुना विद्यार्थी, आता चाळिशीला आलेला. मला बघताच तो उठला, पाया पडला, एका म्हाताऱ्याला उठवून मला खुर्ची दिली. मग काउंटरमागे जाऊन केसपेपरवर पेन टेकवला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "सर, तुमाले का तरास होऊन राहिला जी?" मी उठून जवळ गेलो, म्हटलं, "थोडं खाजगी आहे रे." "खाजगी म्हनजे लघवीचं का?" आवाज तोच. "लाजू नका सर. इथं सगळे आपलेच लोकं हायेत."

आणि ते खरोखर आपलेच होते, हीच तर अडचण. राइस मिलचा दिवाणजी होता, नववीतल्या दोन पोरींच्या आया होत्या, आमच्या गल्लीची भाजीवाली होती. परकी माणसं असती तर मी कदाचित बोललोही असतो. दिवाणजी माझ्याकडे सरकला. "माह्या साळ्यालेही असंच झालं होतं सर. गोखरूचा काढा देल्ला, फटकन बरा झाला. तुमचं जळजळते का नुसतं थांबून थांबून होते?" भाजीवाली म्हणाली, "तरीच म्हनलं, सर उतरून काहून गेले." सगळ्यांच्या बोलण्यात माया होती, गुरुजी. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. मी केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न करत होतो आणि मला आपला आठवीचा वर्ग आठवत होता.

आम्ही बारा जण. नाटकातला एक उतारा चालू आहे आणि तुम्ही 'जनान्तिकम्' या शब्दाशी अडून बसला आहात. रंगमंचावर पाचजण उभे असताना एकालाच काही सांगायचं असेल तर पात्रानं हात असा धरायचा: अंगठा आत, अनामिका दुमडलेली, बाकीची तीन बोटं उभी. मग उरलेल्यांना ऐकू येत असलं तरी त्यांना ते ऐकू आलेलं नसतं. "बोटांमध्ये जिला नावच नाही ती दुमडायची," तुम्ही म्हणालात, "कारण ज्याचं नाव घेता येत नाही तेच सांगायचं असते." आणि त्या दिवसापासून वर्गात कायदा झाला. कुणी तीन बोटं उभी केली की त्यानं तुमच्या टेबलाशी जायचं आणि बाकीच्यांनी खिडकीकडे तोंड करून देवः देवौ देवाः मोठ्यानं म्हणायचं. मला जांघेत खरूज झाली होती. बाकावर बसवत नव्हतं, घरी सांगायची लाज वाटत होती. मी तीन बोटं उभी केली. अकरा जणांनी देव चालवला, सप्तमी संपली, संबोधन संपलं, तरी तुम्ही माझं ऐकतच होता, मग त्यांनी पुन्हा प्रथमेपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलीत. "हे घरी नेऊन पाठ कर. सकाळ-संध्याकाळ." करंजाचं तेल होतं. पाठ करायचं म्हटल्यावर कुणी विचारलंच नाही की आत काय आहे. आठवड्याभरात खरूज गेली. ती होती हे आजही तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

तर दवाखान्यात. डॉक्टर चौघांना एकदम आत घेतात. एक तपासायचा आणि तिघांनी बाकावर बसून ऐकायचं. पडदा आहे, पण त्याच्यामागे औषधांची खोकी ठेवली आहेत, त्यांना बिचाऱ्यांना एकांत मिळतो. आजार हा खरं तर आत्मनेपदी धातू, फळ कर्त्याचं कर्त्यालाच. इथं तो सगळे मिळून परस्मैपदात चालवतात. माझ्याआधी एक तरुण सून होती. डॉक्टरांनी तिला पाळीची तारीख विचारली. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली, तारीख सासूनं सांगितली, आणि माझ्या शेजारच्या गृहस्थानं ती बरोबर बसते का हे बोटांच्या पेरांवर मोजून पाहिलं. मी कॅलेंडरवरचा भाताच्या बियाण्याचा फोटो बघत होतो. मग माझी पाळी आली. कान नि खांद्यामध्ये फोन, दुसऱ्याच कुणाशी बोलणं चाललेलं; त्यातूनच डॉक्टर म्हणाले, "हं, सर, बोला." वाक्य तोंडाशी आलं. मागे बाकावर दिवाणजी होता. आणि माझा हात आपोआप वर गेला, गुरुजी. अनामिका दुमडलेली, तीन बोटं उभी. डॉक्टरांनी बघितलं, मान हलवली. "तीन दिवस झाले? जुलाब का?"

मी म्हटलं, "हो."

जुलाबाच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. तिथं कंपाउंडरनं अडवलं. "डॉक्टर विसरले असतीन सर. लघवी तं तपासून घ्या," म्हणाला, आणि सगळ्यांदेखत झाकणाची एक प्लास्टिकची बाटली माझ्या हातात दिली. "मांगं संडास हाये. कडी तुटली, पन मी उभा राहतो जी दाराशी, कोनाले येऊ देत नाई." त्या दवाखान्यात मला काय झालं असेल हे एकट्या त्यालाच बरोबर कळलं होतं. मी बाटली खिशात घातली आणि निघून आलो.

त्याच्यावर रागवायचा मला हक्क नाही. तुम्ही विसरला असाल तर विसरा, मी विसरलेलो नाही. तुमच्या शेवटच्या वर्षी तुम्ही निम्मे झाला होता आणि मी तुम्हाला नाकाडोंगरीहून भंडाऱ्याला दाखवायला नेलं होतं. तिथंही असाच बाक, अशीच माणसं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होते बाबा?" तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलंत, आणि हात वर केलात. अनामिका नीट दुमडलेली होती. मला कळलं. त्या खोलीत ते कळणारा मी एकटाच होतो. मी लोकांना दोन मिनिटं बाहेर जा म्हणायला हवं होतं. निदान खिडकीकडे तोंड करून देव चालवायला हवा होता. पण मागं रांग होती, मला परतीची बस धरायची होती, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "बोला ना गुरुजी, लाजता कायले? सगळे आपलेच आहेत." बाकावरची माणसं मायेनं हसली. तुम्ही हात खाली घेतलात. "काही नाही. पित्त होते थोडं." गुलाबी औषधाची बाटली घेऊन आपण परत निघालो. मोहाडीच्या अलीकडे तुम्ही विचारलंत, "जनान्तिक म्हणजे काय, सांग." मी व्याख्या धडाधड म्हणून दाखवली, मूळ संस्कृतासकट. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पाठ तं हाये तुले." तेवढंच. चार महिन्यांनी तुम्ही गेलात. आतड्याचं होतं हे नागपूरला कळलं, तेव्हा ते कळून काही उपयोग नव्हता. तुमच्या मागे घरी काकू म्हणाल्या, वर्षभर तुम्हाला तो रंग दिसत होता, पण सांगू कोणाले, म्हणायचात.

आज रविवारची दुपार आहे. बाटली माझ्या टेबलाच्या खणात आहे, कोरडी. तिच्या लेबलवर कंपाउंडरनं माझं नाव वळणदार अक्षरात लिहिलं आहे. ते वळण मीच त्याला लावलं होतं. दवाखान्यातून आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "का म्हने डॉक्टर?" मी म्हटलं, पोट बिघडलं म्हणे. तिनं चार दिवस भाताची पेज करून घातली, न झालेल्या जुलाबावर, आणि मी ती मुकाट्यानं प्यायलो. उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाईन असं लिहिलं, मग खोडलं. तिथंही बाक असेल, आणि बाकावर आपलेच कुणीतरी.

हे पत्र टाकायला जागा नाही. नाकाडोंगरीच्या तुमच्या घराला कुलूप आहे, आणि इथला पोस्टमनही माझाच विद्यार्थी. तो मायेनं दारातच वाचून दाखवील. बाटलीशेजारी खणात ठेवून देतो. एवढं लिहून झालं तरी मी त्या एका संस्कृत शब्दाच्या आड बसून राहिलो आहे. अर्थ सांगताना कुणी असं शब्दाआड लपलं की तुम्ही म्हणायचात, घरच्या बोलीत सांग, मंग कळन तुले कळलं का नाही. तर सांगतो. बाकीच्यांनी खिडकीकडे तोंड करावं.

लघवीतून रगत जाऊन राहिलं, गुरुजी. मले भेव लागून राहिलं.