सातव्या महिन्यात, खाऱ्या तळ्याकाठी

मंगळ. २ मार्च १९८२, नईम
सातवा लागला. आधी दोनदा पाचव्यातच गेलं, त्यामुळे कॅलेंडरकडे बघवत नाही. अंगडं-टोपडं काही शिवलेलं नाही. कुणी विचारलं तर विषय बदलते. दिवसभर नईममधली ही खोली, पलंग, छत, शेजारच्या अरबी रेडिओची खरखर. आज डॉ. म्हणाली, आता थोडं हिंडाफिरायला हरकत नाही. बाहेर आले आणि रस्त्यातच रडले. ह्यांना कळेना, चांगलं सांगितलं तर ही रडते कशाला.

गुरु. ४ मार्च
हे तुबलीहून, कामावरून, हसतच आले. ह्यांच्या गॅरेजात एका इंग्रज साहेबाची गाडी दुरुस्त झालीय. गाडी कसली, घरच. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना पडदे! साहेब स्वतःच म्हणाला, शुक्रवारी लांब चालवून बघ, बायकोला पण ने. दक्षिणेला समुद्राचं पाणी आत शिरून तळं झालंय म्हणे, काठाला वाळूच्या टेकड्या. वरच्या मजल्यावरची फिलोमिना वसईची, हॉस्पिटलात नर्स आहे. तिला विचारून आले. "जा गं. पण टेकड्या चढू नको उगाच."

शनि. ६ मार्च, हॉस्पिटल
लिहिलं नाही तर वेड लागेल.
काल सकाळी पोचलो. गाडीतच चहा केला. तळ्याच्या काठाला मिठाची साय धरलेली. मी चपला काढून टेकडीवर चार पावलं चढलेच. वाळू वरून तापलेली, आत गार. हे खालून ओरडतायत, "पुरे गो, उतर आता!" मी हसत होते. मोठ्याने. कधी हसले होते अशी, आठवत नाही.
निघताना चाकं रुतली. वरून कोरडी जमीन, आत चिखल. ह्यांनी फळ्या घातल्या, सतरंजी घातली. गाडी आणखीच बसली. तेवढ्यात माझ्या कमरेतून कळ. मग पाणी गेलं.
ह्यांचा चेहरा पांढराफटक. "माणूस घेवन येतंय. तू खंय हलू नको." धावत सुटले. टेकडीआड गेले.
मग मी एकटी, गाडीतल्या पलंगावर. देवाला काय काय बोलले ते लिहिणार नाही. गुडघे घट्ट आवळून धरले, तसं केलं की थांबेल म्हणून.
दार उघडलं ते एका म्हातारीने. अंगावर काळा पायघोळ अबाया, हाताला मेंदी. जवळच बकऱ्या घेऊन तंबूत राहते. हे धावता धावता तिला हातवारे करून सांगून गेले होते. तिला माझी भाषा येईना, मला तिची. ती म्हणे, "शुवै, शुवै." हळूहळू घे. मी ओरडत होते, "मफी! मफी!" मफी म्हणजे नाही; मला म्हणायचं होतं, आत्ता नको. तिने माझे गुडघे सोडवले.
मुलगी. रडली नाही. म्हातारीने बोटाने तोंड साफ केलं, पाठ चोळली, पुटपुटत राहिली. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज.
तिने पोर स्वतःच्या झग्यात, उघड्या छातीशी धरलं. हे कुणाची तरी पिकअप घेऊन आले. हॉस्पिटलच्या दारापर्यंत म्हातारीने पोर सोडलं नाही.

रवि. ७ मार्च
काचेच्या पेटीत आहे. श्वास मधेच थांबतो. नर्स पायाला टिचकी मारते, परत सुरू होतो. मी बघत बसते. नर्सची पाठ वळली की माझाच श्वास अडकतो.
डॉ.ना विचारलं, वाचेल ना? "इंशाल्ला." मला इंशाल्ला नको. हो म्हणा ना.
फिलोमिना ह्यांना समजावते, तिकडे गेल्यामुळे झालं असं नाही, घरी पण झालं असतं. ऐकत नाहीत. भिंतीला टेकून उभे. नखांत अजून वाळू.

बुध. १० मार्च, नईम
मला घरी पाठवलं. तिला नाही.
जिना रिकाम्या हातांनी चढले. शेजारणींनी दारं हळूच लोटून घेतली. दूध उतरलंय, ब्लाउज भिजतो. बाटलीत काढते, हे घेऊन जातात, नळीतून थेंब थेंब देतात. काल पोटात राहिलं. आज उलटलं.
तिच्या मनगटावर पट्टी आहे, त्यावर इंग्रजीत "सुनंदाचं बाळ" एवढंच. फिलोमिना म्हणते, नाव ठेव गं. नाही. आधीच्या दोघांना नावं नव्हती तरी…

शुक्र. १२ मार्च, हॉस्पिटलचा व्हरांडा
म्हातारी आली होती, मुलाबरोबर. काचेतून खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून बोटं तोंडाशी नेली. जेवलीस का? मी मानेनेच नाही म्हटलं. तिने अबायाआडून खजूर काढला आणि सरळ माझ्या तोंडात घातला. मी तिथेच तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.
हे काल गावी तार करून आले, सासूबाईंना. इतके दिवस केली नव्हती.
"काय लिहिलंत?"
"मुलगी झाली."
"आणि?"
"एवढाच. ती इली, ह्यां तरी कळू दे सगळ्यांका."
मी ह्यांचा हात धरला. आपण होऊन बहुतेक पहिल्यांदाच.
सकाळपासून दोनदा श्वास थांबलाय. आत्ता डॉ.नी आम्हाला दोघांना आत बोलावलंय. फिलोमिना दारात उभी आहे, तोंडाला मास्क. डोळ्यांवरून काही कळत नाही. हे उठले.