शुक्रवारची झाडलोट

३ मार्च, मंगळवार. दुपारी ४ वाजून १२ मिनिटे

पंपाची कमाल मात्रा ०.५ होती, ती मी ५ केली. कारण: नीटनेटकेपणा. कुणाला विचारलं नाही.

९ मार्च, सोमवार

नवी नोकरी, म्हणून नवी वही. आज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली, आणि दुकानदाराने विचारलं की नातवासाठी का. त्याला म्हटलं, नातवाला लिहिता येत असतं तर वही त्याने स्वतःच घेतली असती.

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात एकतीस वर्षं काढली, निवृत्त होऊन सहा वर्षं घरी बसले. धाकटी बहीण आणि मी, दोघी एका घरात. तिचा टीव्ही सकाळी सुरू होतो तो माणसं निजल्यावरच बंद होतो. त्यामुळे ही नोकरी मिळाली तेव्हा मला जास्त आनंद झाला की धाकटीला, हे सांगणं कठीण आहे.

तिसरा मजला, सहा टेबलं, खाली गाड्या लावायची जागा. ही माणसं औषध थेंबाथेंबाने शिरेत सोडणाऱ्या पंपांचे प्रोग्रॅम लिहितात. प्रोग्रॅममध्ये काय बदललं ते डॉक्टर-नर्सना कळेल अशा भाषेत लिहायचं, हे माझं काम. माझं पद नवीन आहे, माझी टेबल-खुर्ची परवाच आणली, असं शेजारच्या मुलीने सांगितलं. ती बुटकी आणि चपळ, बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. मला आधी मावशी म्हणाली. मी नुसतं पाहिलं. मग मॅडम म्हणाली.

तिनेच मला कमिट म्हणजे काय ते समजावलं. प्रोग्रॅममध्ये कुणीही काही बदललं की त्याची नोंद होते: कुणी, कधी, काय, कशासाठी. प्रत्येक नोंदीचा नंबर मागच्या नोंदीवरून तयार होतो, साखळीसारखा. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर सगळ्या साखळीची प्रत असते. मी खूश झाले. आमच्या विभागात हे असतं तर निम्म्या डॉक्टरांची झोप उडाली असती.

११ मार्च, बुधवार

जुन्या नोंदी वाचते आहे. महत्त्वाच्या वहीत हाताने उतरवून घेते. चिमणी हसते. हसू दे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर खोडरबर जप्त करायच्या. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. नोंदणी विभागातही हाच नियम होता आणि तो मोडणाऱ्या दोन कारकुनांना मी स्वतः घरी पाठवलं आहे.

एक नोंद खटकली, तशीच उतरवते: ३ मार्च, दुपारी ४ वाजून १२ मिनिटे. मुलांच्या पंपाची कमाल मात्रा ०.५ ऐवजी ५. कारण: नीटनेटकेपणा. बदल करणारे: मालक.

दहापट औषध, आणि कारण नीटनेटकेपणा. मी तडक मालकांच्या खोलीत गेले. मालक म्हणजे इस्त्री केलेला सदरा आणि तसाच चेहरा. म्हणाले, चाचणीसाठी केलं होतं, लगेच मागे घेतलं. मी विचारलं, मागे घेतल्याची नोंद कुठे आहे. म्हणाले, ते शुक्रवारी बघू.

१३ मार्च, शुक्रवार

इथे दर शुक्रवारी पाच वाजता झाडलोट होते. केरसुणी लागत नाही. आठवडाभरातल्या बारीकसारीक, अर्धवट नोंदी एकत्र करून त्यांची एक सुबक नोंद करतात. नावं, तारखाही जुळवून घेतात. मधली एक कडी बदलली की पुढच्या सगळ्या नोंदींचे नंबर बदलतात, म्हणून प्रत्येकाने आपली जुनी प्रत टाकून द्यायची आणि नवी घ्यायची.

मी म्हटलं, आमच्याकडे याला झाडलोट म्हणत नसत, चौकशी बसत असे. सगळे हसले. मालक हसले नाहीत. म्हणाले, बाई, तो इतिहास नसतो, पसारा असतो.

पाच वाजले, सगळ्यांनी एकदम नव्या प्रतीचं बटण दाबलं. मीही दाबलं. वर्गात कुणी बाहेरचं आल्यावर होते तशी शांतता पसरली, क्षणभरच. मग चिमणी म्हणाली की मॅडम, चष्मा घ्या, दरवेळी ड्रॉवरमध्येच विसरता.

दरवेळी? माझा चष्मा माझ्या नाकावर होता, आणि इथे येऊन मला पाच दिवस झाले होते.

१६ मार्च, सोमवार

ड्रॉवर उघडला. आत एक चष्मा आहे. काचांवर धूळ, एका दांडीला दोरा गुंडाळलेला. लावून पाहिला. माझाच नंबर.

दहा वाजता बातमी आली. एका रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलीला पंपाने दहापट औषध दिलं. तिने अजून डोळे उघडलेले नाहीत. मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की चूक माणसाच्याच हातून होते, कुणावर राग धरायचा नाही. सांगताना ते माझ्याकडे पाहत होते.

मी नोंद उघडली. ३ मार्च, ४ वाजून १२ मिनिटे. बदल करणारे: माझं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

३ मार्चला मी इथे नव्हतेच. त्या दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले होते. संध्याकाळपर्यंत मला हाताची बोटं दिसत नव्हती. धाकटीने हात धरून जिन्यावरून खाली आणलं. मी कसली बटणं दाबणार?

१७ मार्च, मंगळवार

वही घेऊन मालकांकडे गेले. ११ तारखेचं पान दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि हजेरीचं पुस्तक पुढे केलं. जानेवारीपासून माझ्या सह्या. खोट्या म्हणायला जीभ उचलली, पण तेवीस जानेवारीच्या सहीपाशी थांबले. तिथे चूक झाली होती. एक सरळ रेघ, खालचं वाचता येतं, शेजारी सही आणि तारीख.

मालक म्हणाले, "बाई, सगळ्यांनी नवी प्रत घेतली ना, की तेच खरं. तुम्हीही घेतलीत."

जिन्यात चिमणीला गाठून सगळं सांगितलं. आधी तिचा चेहरा कोरा होता. मग हळू आवाजात म्हणाली की तिच्या घरी एक जुना लॅपटॉप पडून आहे, दहा तारखेपासून उघडलेला नाही. त्यात शुक्रवारच्या आधीची साखळी असणार. उद्या आणते म्हणाली. माझा हात तिने जरा वेळ धरून ठेवला.

१८ मार्च, बुधवार

आणला.

टेबलावर ठेवला, उघडला, आणि मी खुर्ची ओढेपर्यंत तिची बोटं चालली. जुनी प्रत टाकली, नवी घेतली. रोज सकाळी पहिलं काम तेच करतात ना हे लोक, दात घासावेत तसं. हाताला सवय. मी ओरडले तेव्हा पडद्यावर सगळं स्वच्छ झालं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रडेल असं वाटलं. पण चेहरा निवळत गेला, पाण्यातला गाळ बसतो तसा. मग तिने विचारलं, "मॅडम, मी हा जुना लॅपटॉप कशाला आणला?"

मी लॅपटॉप मिटला.

१९ मार्च, गुरुवार

धाकटीला सकाळी विचारलं. ३ मार्चला आपण कुठे होतो? टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाली, ताई, असं काय करतेस. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी एकटीच गेले, तुला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही म्हणून भांडलो नव्हतो का आपण.

ती खोटं बोलत नाही. तिला येतच नाही.

मी तिला म्हटलं, तू माझा हात धरला होतास. ती म्हणाली, धरला असता गं.

ऑफिसातून निरोप — मुलीची आई सोमवारी येणार. तिला पैसे नकोत, माफी नको. फक्त नाव हवंय.

२० मार्च, शुक्रवार. दुपारी ३

वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पहिलं पान माझं नाही.

३ मार्च. चार वाजून बारा मिनिटे. मी केली. कुणाला विचारलं नाही. — अक्षर माझं. वही घेतली ९ तारखेला. मी पहिल्या पानावर ९ तारीखच घातली होती, ती आता दुसऱ्या पानावर आहे. एकही पान वाढलेलं नाही. मोजली.

समजलं. पहिली कडी बदलली. आता पुढच्या —

११ तारखेच्या पानावर अजून मालकांचं नाव आहे. अजून.

दुपारी ४.२०

मालकांना पत्र लिहिलं, नक्कल इथे ठेवते.

"महाशय, ३ मार्च रोजी दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी झालेला बदल तुम्ही केलात. मी तो वाचला आणि उतरवून घेतला. त्या आईला सोमवारी खरं नाव मिळालं पाहिजे. आजची झाडलोट थांबवा. तो बदल कुणी केला, आणि त्यावरचं नाव कुणी, कधी, कोणत्या अधिकाराने बदललं, याचं लेखी उत्तर आज पाच वाजायच्या आत माझ्या टेबलावर द्या. तोंडी चालणार नाही."

खोलीत नेऊन दिलं. वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. घड्याळाकडे पाहिलं.

४.४५

उत्तर नाही. सगळे आपापल्या जागी बसायला लागलेत. चिमणीने हात वर करून मला खूण केली, या म्हणून. नेहमीसारखी.

मी बटण दाबणार नाही. पण १३ तारखेला दाबलं होतं, एकदा पुरत असेल तर —

४.५५

११ तारखेचं पान. नाव आहे. शाई पुसट वाटते, की डोळे. ड्रॉवरमधला चष्मा लावला तर नीट दिसतं. कधी लावला मी हा?

लेखी उत्तर द्या. पाचच्या आत. मीही देते, लिहून ठेवते, खोडायचं नाही, एक रेघसुद्धा नाही: ३ मार्चला, दुपारी, ४ वाजून १२ मिनिटांनी मी डोळ्यांच्या — थेंब घातले होते, जिना होता, मला दिसत नव्हतं आणि धाकटीने माझा हात — धाकटीने —

खोलीत एकदम शांत झालं. ४ वाजून १२ मिनिटांनी मी