पायऱ्यांचं चित्र

सोमवार, ४ तारीख

आज नव्या नोकरीत रुजू झाले! इतकी वर्षं पुस्तकांची मुखपृष्ठं करण्यात गेली, आता थेट सिनेमाचं पोस्टर. कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण तिची मर्जी असेल तेव्हाच चालते. मला मिळालेली खोली लांबट आहे आणि उत्तरेला मोठी खिडकी, त्यामुळे दिवसभर एकसारखा उजेड. चित्रं बघायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. टेबलाचा एक पाय तेवढा आखूड आहे. त्याखाली कुणीतरी जुनी सिनेमाची तिकिटं घडी करून सरकवली आहेत.

कंपनी मालकीणबाईंची. त्यांनी स्वतः चहा आणून दिला आणि काम समजावलं. सिनेमा अद्भुत साहसाचा आहे: समुद्र हरवतो, आणि एक खलाशीण आपल्या बोलक्या गिधाडाला घेऊन तो शोधायला निघते. पोस्टरसाठी तीन चित्रकारांना सांगितलंय. त्यातलं एक चित्र मी निवडायचं. माझ्या सहीशिवाय छापखान्यात काही जाणार नाही. माझ्याआधीच्या बाई सगळ्यांनाच हो म्हणायच्या, त्यामुळे आता नाही म्हणू शकणारं माणूस हवं होतं म्हणे. मी सांगितलं, मग बरोबर दार ठोठावलंत. आई सांगायची, ही पोरगी 'आई' म्हणायच्या आधी 'नाही' म्हणाली.

घरी आले तर धाकट्या बहिणीने आनंदाच्या भरात भाजी करपवली होती, आणि त्याचा दोष माझ्या नोकरीला दिला. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देते.

मंगळवार, ५

चित्रं आली. तिघांना सांगितलं होतं, पार्सलं मात्र चार निघाली.

पहिल्यात गिधाड कोंबडीसारखं दिसतं. दुसऱ्यात खलाशीण कमी आणि स्फोट जास्त. तिसरं बघताक्षणी मनात भरलं: कोरड्या समुद्राच्या तळाशी उभी असलेली इवलीशी खलाशीण, आणि तिच्या डोक्यावर अधांतरी लटकलेलं जहाजाचं भलंमोठं पोट. हेच पोस्टर होणार.

चौथ्यावर सही नाही, पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव नाही. राखाडी डोंगर, त्यात कोरलेल्या पायऱ्या, वर एक काळं दार आणि दाराकडे चढणारी माणसं. सगळी पाठमोरी. चित्रकाराचा हात सुरेख आहे, पण आमच्या सिनेमात ना डोंगर, ना दार. सगळ्या चित्रांचे फोटो मोबाइलवर काढून घेतले.

संध्याकाळी दिग्दर्शक आले. धिप्पाड माणूस, गळ्यात लाल मफलर, एक पाय अधू. इतर तीन चित्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हेच." मी म्हटलं, यात तुमची खलाशीण कुठेय? त्यांनी ऐकलंच नाही. माझी सही मिळणार नाही हे कळल्यावर लहान मुलासारखे रुसून निघून गेले.

बुधवार, ६

दिग्दर्शक घरी पोचलेच नाहीत. त्यांच्या बायकोचा दोनदा फोन आला.

चित्रात सगळ्यात खालच्या पायरीवर एक नवा माणूस आहे. धिप्पाड, लाल मफलर, एक पाय ताठ ओढत चाललेला. रंगावरून बोट फिरवलं. वर्षानुवर्षांचा असावा तसा कोरडा.

मालकीणबाई हसल्या. त्यांच्या मते दिग्दर्शक प्रसिद्धीसाठी काहीही करतील, कुणाकडून तरी गुपचूप रंगवून घेतलं असणार. असेल. पण रंग इतक्या लवकर वाळत नाही, एवढं मला कळतं.

गुरुवार, ७

काल जाताना चित्राचं तोंड भिंतीकडे केलं होतं. आज सकाळी ते खोलीकडे तोंड करून उभं. शिपाई शपथेवर सांगतो, त्याने हात लावलेला नाही. माणूस खोटं बोलणारा वाटत नाही. भीती वाटली हे मान्य. पण त्याहून जास्त राग आला. मला कुणी असं हळूहळू कोपऱ्यात ढकललं की मी जागची हलत नाही.

दुपारी मालकीणबाई आल्या. त्याही त्या चित्रासमोर तशाच उभ्या राहिल्या. नंतर अगदी हळू आवाजात म्हणाल्या की दिग्दर्शकांचं खरं आहे, हेच छापू या. मी मफलरवाला माणूस दाखवला, हात जोडले, नाही म्हणाले. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. सही म्हणजे नुसता उपचार असतो, तुला नसेल करायची तर मी करीन, म्हणाल्या. हात बर्फासारखा गार होता.

चित्र कपाटात घातलं. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

शुक्रवार, ८

मालकीणबाई नाहीत. टेबलावर चहा तसाच, चष्मा तिथेच, खुर्चीखाली एकच चप्पल.

कपाट उघडलं. खालच्या पायरीवर चंदेरी अंबाडा. एक पाऊल अनवाणी. दिग्दर्शक बरेच वर गेलेत.

पोलिसांना बोलावलं. इन्स्पेक्टर समजूतदार निघाले. मोठी माणसं दोन-चार दिवस दिसत नाहीत, असं होतं म्हणाले. मग त्यांची नजर चित्राकडे वळायला लागली, तशी मी आडवी उभी राहिले. ते सरकले, मीही सरकले. त्यांना अपमान वाटला. वाटू दे. तो माणूस आज आपल्या पायांनी घरी गेला.

एवढं तर आता उघड आहे. जो चित्राला 'हेच' म्हणतो, तो आत जातो. जाळून टाकलं असतं, पण आत माणसं आहेत.

आणि दुपारी कळलं, मालकीणबाईंनी जाण्याआधी चित्राचा फोटो छापायला पाठवलाय. प्रत्येक चौकात, इमारतीएवढं. येणारा-जाणारा थांबणार, मान वर करणार, आवडलं म्हणणार—

तशीच छापखान्यात धावले. छपाईवाले मामा मशीन सुरू करण्याच्या बेतात होते. सही नाही तर छपाई नाही, म्हटलं. ते म्हणाले, मालकिणीचा फोन होता. मी म्हटलं, मग चालवा, मी मशीनवर बसते. मामांनी माझ्याकडे बघितलं, डोक्याला हात लावला, आणि प्लेट माझ्यासमोर वाकवून मोडली. फाइलही पुसायला लावली. बडबडत होते, पण केलं.

एक डाव माझा.

शनिवार, ९

आज चित्राकडे सरळ डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं. दिग्दर्शक कुठेच दिसत नाहीत. दाराच्या उंबऱ्यावर लाल मफलर पडलाय.

खालच्या पायरीवर एक जागा मोकळी आहे. काल नव्हती. माणसं थोडी सरकून उभी आहेत, गाडीत कुणाला बसायला द्यावं तशी. ती जागा कुणासाठी, ते सांगायला ज्योतिषी नको.

मोठ्याने म्हटलं, "तू वाईट चित्र आहेस." खोटं होतं. पण तोंडावर सांगितलं.

रविवार, १०

धाकटी—

मी न्हाणीघरात होते. ती बाहेर माझा मोबाइल चाळत होती. फोटो पुसायचे राहिले होते. मामांना फाइल पुसायला लावली आणि माझ्याच मोबाइलमधलं— दारातून ओरडली, "ताई, चौथं घे ना. हेच मस्त आहे."

ओल्या केसांनी बाहेर आले. खुर्ची अजून कोमट होती. मोबाइल खाली पडलेला.

रविवार, दुपार

कचेरीत आहे. कुणी नाही. खिडकीतून स्वच्छ उजेड.

ती तिथे आहे. खालून दुसऱ्या पायरीवर. पिवळा स्वेटर, घरातल्या सपाता. मोकळी जागा आता तिच्याच शेजारी. हुशार आहे चित्र.

रंग आणलेत. दार बुजवायचं ठरवलं. जाड काळा, मग पांढरा, मग पुन्हा काळा. तापल्या तव्यावर पाणी टाकावं तसा रंग थेंब-थेंब होऊन खाली ओघळतो. दार तसंच.

नजर काढली की ती एक पायरी वर असते. म्हणून नजर काढत नाही. वहीकडे न बघताच लिहितेय.

मालकीणबाई गेल्या. दारातून. चप्पल उंबऱ्यावर.

धाकटीने मागे वळून पाहिलं.

एवढ्या माणसांत कुणी वळलं नव्हतं. ती वळली. रडत नाहीये. चिडलीये. माझीच बहीण.

ब्रश पुढे केला. दांड्यापर्यंत आत गेला. कॅनव्हास नाही तिथे. वारा आहे.

म्हणजे हातही जाईल.

डाव्या हाताने लिहितेय. उजवा आत. कोपरापर्यंत. भयंकर गार. मी हो म्हटलेलं नाही. इथे स्पष्ट लिहून ठेवते, मी हो म्हटलेलं नाही, मला हे चित्र मंजूर नाही, मी माझं माणूस न्यायला आलेय—

खांद्यापर्यंत. वरून कुणीतरी उतरतंय. पायऱ्या उतरणारं आजवर कुणी नव्हतं. तोंड दिसत नाही. उलटं चालतंय, पाठ माझ्याकडे. येऊ दे.

स्वेटर लागला हाताला. लोकर. मग बोटं. तिचीच, काचा घासून खरखरीत झालेली. तिने घट्ट धरलंय. वरचाही तिला ओढतोय. जोर आहे त्याच्यात. माझा गाल चित्राला टेकलाय—

सोडणार नाही. एका हाताने जमत नाहीये. दुसराही लागेल. पेन ठेव