बटाटे सरहद्दीपर्यंत जाऊन आले

हाले, ९ मे १९९९

चि. एकहार्ट यास अनेक आशीर्वाद (त्यांपैकी निम्मे माझा राग उतरल्यावर लागू होतील), वि. वि.

तुझा प्रागच्या प्रवासाचा आराखडा, सुधारित आवृत्ती तिसरी, काल पोचला. पाकीट इतके जाड होते की पोस्टमनने प्रबंध समजून अदबीने हातात दिले. मारिएनबेर्गहून सरहद्द, सरहद्दीहून खोमुतोव, तिथून प्राग. सगळे मिळून सव्वाशे किलोमीटर. एवढ्या कागदात लोकांनी रेल्वेमार्ग बांधले आहेत. मी ज्यावर पोट भरते त्या संस्कृतात ग्रंथाच्या आरंभी मंगलाचरण असते, ते एका श्लोकाचे. तुझे मंगलाचरणच तिसऱ्या आवृत्तीत गेले. ग्रंथ कधी सुरू व्हायचा?

भूमापन कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला घाई करू नये हे मला कळते. पण डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्ये तुझ्यासमोरच सांगितले ना, की आईच्या नजरेचा मधला भाग विझत चालला आहे आणि हिवाळ्यापर्यंत समोरच्याचा चेहराही तिला ओळखू येणार नाही? ती रडली नाही. घरी येताना तिने एवढेच मागितले, की बाबांच्या एमझेड मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसवून एकदा प्रागला न्या. बाहत्तर साली चेक बाजूचा व्हिसा उठला त्या उन्हाळ्यात बाबांनी नेले होते, तसे. मी आगगाडी सुचवून पाहिली. आगगाडीत परक्यांचे गुडघे बघत बसावे लागते, असे म्हणाली. उरलेली नजर गुडघ्यांवर खर्च करायची तिची इच्छा दिसत नाही.

तेव्हा याच महिन्यात निघा. लोभ आहेच, तो वाढवायचा असेल तर गाडीला किक मार.

तुझी,
रोसविता

•

मारिएनबेर्ग, ३० मे १९९९

ती. रोसविता हिस सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. फोन करू नकोस, लिहीत जा, असे मीच सांगितले होते, कारण फोन आईच्या खुर्चीशेजारी आहे. पण कागदावर तू इतकी सविस्तर रागावतेस हे लक्षात राहिले नव्हते.

तीन विद्यार्थ्यांना पाणिनी शिकवणाऱ्या बाईने आधी साइडकार म्हणजे काय ते समजून घ्यावे. ती रिकामी असेल तर उजव्या वळणावर तिचे चाक हवेत जाते. भरलेली असेल तर सगळी गाडी उजवीकडे ओढ घेते. बाबांच्या हाताला ती ओढ ठाऊक होती. त्यांनी कारखान्यात त्याच गाड्या जोडल्या होत्या. मला ती शिकावी लागणार. म्हणून आईच्या वजनाइतके बटाटे पोत्यात भरून मी दोनदा सरहद्दीपर्यंत नेऊन आणले. वजनाचा आकडा आईपर्यंत कुणी पोचवला ठाऊक नाही (शेजारच्या झाइफर्टबाईंखेरीज कोण असणार), पण ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, की बटाटे सरहद्दीपर्यंत जाऊन आले हे ऐकून आनंद झाला. त्यांना पुढे जावेसे वाटले का, तेवढे विचारून ठेव.

मे जमणार नाही. साइडकारचा ब्रेक माझ्या मनासारखा नाही. जूनमध्ये प्रागला गर्दी फार.

आई बरी आहे. एकदा कॉफी कपाच्या शेजारी ओतली, पण कप पांढरा आणि टेबलावरचे कापडही पांढरे, कुणाचेही झाले असते. मी निळे कप आणले आहेत.

प्रेम असावे, आणि थोडा दमही असावा.

तुझा,
एकहार्ट

•

हाले, १८ जुलै १९९९

चि. एकहार्ट यास, आशीर्वाद शिलकीत कमी आहेत, वि. वि.

जून गेला. आराखड्याची पाचवी आवृत्ती आली. तीत पावसासाठी वेगळा मार्ग, उन्हासाठी वेगळा, आणि पाऊस व ऊन एकदम आल्यास काय करावे यावर परिशिष्ट. आमच्याकडे सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी असते हे खरे. पण मुळात एक सूत्र असते. तुझे सूत्र अजून गॅरेजमध्ये आहे.

एक गोष्ट कधीची विचारायची होती. आपल्या त्या भिंतीआडच्या, आता बुडालेल्या देशात माणसाला जायला जागा तरी किती होत्या? बाल्टिकचा किनारा आणि प्राग. सगळी दुनिया प्रागला जाऊन आली. माझ्या वर्गातल्या मुली बूट आणायला गेल्या. झाइफर्टबाई गेल्या, आणि त्यांना दुसऱ्या गल्लीत चक्कर येते. राहिलास तू एकटा, कारण बाहत्तर सालापासून तुझी तयारी चालू आहे. दरम्यान देश बुडाला, तयारी मात्र तरली.

तुला जमत नसेल तर स्पष्ट लिही. मोटरसायकलचा परवाना माझ्याकडेही आहे, अठराव्या वर्षी काढलेला, आणि तो अजून चालतो. मी येते आणि आईला नेते. त्या कोंबडीचा विषय काढू नकोस. चूक कोंबडीचीही होती.

आईचा फोन आला होता. गाडी आता इतकी चकचकीत झाली आहे म्हणे, की तिलासुद्धा दिसते. हे ती कौतुकाने म्हणाली असे समजू नकोस.

मायेचा ओलावा टिकावा, यासाठी पुढचे पत्र प्रागहून यावे.

रोसविता

•

मारिएनबेर्ग, १२ सप्टेंबर १९९९

ती. रोसविता हिस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. ऑगस्टमध्ये सरहद्दीवर सुट्टीवाल्यांची रांग थेट जंगलापर्यंत होती. आईला उन्हात तिथे बसवायचे का? गाडी चालवायला तू मुळीच येऊ नकोस. कोंबडीचा विषय मी काढत नाही, झाइफर्टबाई काढतात.

आता ऐक. तारीख ठरली. शनिवार, सहा नोव्हेंबर. गर्दी ओसरलेली, खोल्या मोकळ्या, रस्ते रिकामे. पुलापासून चार पावलांवर खोली सांगून ठेवली आहे. या वेळी तारीख पेन्सिलीने नाही, शाईने लिहिली. आईला सांगितले तर तिने कोणत्या वर्षीचा नोव्हेंबर ते विचारले.

परवा मी कचेरीतून आलो तेव्हा ती अंगणाच्या फाटकाशी होती. मला पाहून तिने कोण हवंय म्हणून विचारले. सूर्य माझ्या पाठीमागे होता आणि मी नवी टोपी घातली होती. अशा उजेडात तूही ओळखले नसतेस. टोपी आता वापरत नाही.

लोभ असू द्यावा.

तुझा,
एकहार्ट

•

मारिएनबेर्ग, ७ नोव्हेंबर १९९९

ती. रोसविता हिस सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

काल पहाटेपासून सगळे आराखड्याप्रमाणे झाले. आई साइडकारमध्ये बसली, हेल्मेट घातले, गुडघ्यांवर बाबांची लोकरीची चादर घेतली. मांडीवर डबा: बटाट्याचे सॅलड, उकडलेली अंडी, काकडीचे लोणचे. थर्मास पायाशी. झाइफर्टबाई कुंपणाशी रुमाल घेऊन उभ्या. निघताना मागची नंबराची पाटी पुसावी म्हणून मी खाली वाकलो.

तुझ्याकडे गाडी नाही, म्हणून सांगतो. पाटीच्या उजव्या कडेला दोन छोटे आकडे असतात. वर चार, खाली दहा. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. कर वाचतो म्हणून दोन वर्षांपूर्वी हे महिने मीच निवडले, पूर्ण विचारांती. त्याबाहेर ती गाडी रस्त्यावर चालवणे सोड, उभीही करता येत नाही. विमाही नाही. आराखड्याच्या सात आवृत्त्यांत सरहद्दीपलीकडच्या पेट्रोलपंपांच्या वेळा आहेत, पण आपल्याच पाटीवरचे हे दोन आकडे नाहीत.

मी किती वेळ वाकून होतो कोण जाणे. आईने विचारले, की पाटी पुसतोस की नवी घडवतोस. मग सांगावेच लागले.

तिने चादर गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. मग म्हणाली, की अंगणात इंजिन सुरू करायला तरी सरकारची हरकत नसेल. नव्हती. मी सुरू केले. ती हेल्मेट घालून तशीच बसून राहिली, अंडी खाल्ली, सॅलड खाल्ले, झाइफर्टबाईंना कुंपणावरून काकडी दिली. बाबांच्या वेळेपेक्षा इंजिनाचा आवाज बरा आहे, असे म्हणाली. नंतर म्हणाली, पाय गार पडले, उतरव.

मला काही लिहू नकोस.

एकहार्ट

•

हाले, ११ नोव्हेंबर १९९९

एकहार्ट यास,

वरच्या ओळीत काही राहिले असेल तर ते मुद्दाम राहिले आहे.

पाटीचे आकडे बघून गप्प बसायचे होते आणि तसेच निघायचे होते, असे लिहायला मी बसले. अर्ध्या वाक्यात माझाच हात थांबला. विम्याशिवाय, आईला घेऊन? मीही निघाले नसते. दोघे त्याच घरातले, इलाज नाही. पण मे महिन्यात आकडे बरोबर होते, एकहार्ट. जूनमध्ये होते. जुलैमध्ये होते. एप्रिलपर्यंत तिची नजर थांबेल असे तुझ्या कोणत्या परिशिष्टात आहे?

याहून जास्त लिहिले तर नंतर लाज वाटेल.

रोसविता

•

मारिएनबेर्ग, नाताळाआधीच्या आगमनपर्वाचा दुसरा रविवार, डिसेंबर १९९९

लाडक्या रोसवितास, तुझ्या आईकडून भरपूर आशीर्वाद.

एका पानावर सहाच ओळी मावतात, जाड पेनाने लिहिते आहे. पानं मोजू नकोस.

एकहार्टला बोलणं पुरे. तुझं पत्र आल्यापासून तो जिने उतरतानासुद्धा माझी माफी मागतो. मला कंटाळा आलाय.

तुम्हां दोघांना वाटतं मला काही कळत नाही. मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं आहे. तुझ्या भावाचे मला कान दिसतात, तोंड नाही. कान बाबांसारखे आहेत, हे इतकी वर्षं ध्यानात आलं नव्हतं.

तो आळशी नाही. वेंधळाही नाही. त्याला भीती वाटते की आपण प्रागला पोचायचो, मी पुलावर उभी राहायची, आणि मला काही दिसायचं नाही. निघालंच नाही तर ते घडतच नाही ना. म्हणून निळे कप आणतो, दिवे बदलतो, आराखडे करतो. त्याला वाटतं मला प्राग बघायचंय.

अगं, माझं बघून झालंय. बाबांनी दाखवलं. त्या दिवशी मनाशी म्हटलं होतं, पुढच्या वेळी पोरांना आणायचं. तू आपली आपण जाऊन आलीस. तो राहिला. मला त्याला दाखवायचंय. कुठे काय आहे ते मला अजून आठवतंय, पण तेही किती दिवस आठवेल कोणाला ठाऊक.

आगगाडीने तो पुस्तक वाचत येईल. गाडी चालवताना वाचता येत नाही.

तू चालवायला येऊ नकोस. त्यालाच चालवू दे. आणि हे त्याला सांगू नकोस, नाहीतर त्याचीही आवृत्ती काढेल.

स्टोलन केक पाठवला आहे, नाताळाआधी कापायचा नाही. तू कापशील हे मला माहीत आहे.

तुझी,
आई

•

हाले, १९ मार्च २०००

चि. एकहार्ट यास अनेक आशीर्वाद, या वेळी सगळे तात्काळ लागू, वि. वि.

तुझी आठवी आवृत्ती आली. मी ती उघडली नाही. शेगडीजवळ ठेवली आहे, आणि शेगडी पेटलेली आहे, एवढेच कळवते.

कॅलेंडर बघ. एक एप्रिलला शनिवार येतो. त्या दिवशी तुझी पाटी जागी होते. सकाळी उठायचे, आईला बसवायचे, निघायचे. पाऊस असला तर भिजायचे. रस्ता चुकला तर विचारायचे; आईला चेक भाषेतले धन्यवाद आणि बीअर हे दोन शब्द येतात, तेवढ्यावर बाबांनी चार दिवस काढले होते.

गेल्या वर्षी मी तुला बरेच टोचून बोलले. त्यातले निम्मे खरे होते. उरलेले निम्मे कोणते, ते मला डिसेंबरात कळले. कसे कळले ते विचारू नकोस.

तिला काय दिसेल आणि काय नाही, याची चिंता तू करू नकोस. ती तिची बाब आहे. तू फक्त समोर बघ आणि उजवीकडची ओढ सांभाळ.

उत्तर पाठवू नकोस. पाठवायचे असेल तर चेक तिकीट लावून पाठव. माया आहे, आणि ती तुझ्या आराखड्यांनी अजून संपलेली नाही.

तुझी,
रोसविता

•

प्राग, १ एप्रिल २०००

ती. रोसविता हिस सा. न. वि. वि.

तिकीट चेक आहे, बघ.

सरहद्दीवर पावसाने गाठले. आईने चादर डोक्यावर घेतली आणि सबंध वाटभर बोलत राहिली. इंजिनाच्या आवाजात मला काहीच ऐकू आले नाही, पण मी मान हलवत होतो. ओढ बटाट्यांसारखी नव्हती. बटाटे वळणावर झुकत नाहीत. ती प्रत्येक वळणावर आधीच झुकायची, बाबांनी शिकवले असणार. खोमुतोवला मी चुकलो. कुणालातरी विचारले. आईने त्याला धन्यवाद आणि बीअर दोन्ही म्हटले.

दुपारी पुलावर गेलो. पाऊस थांबला होता, दगड ओले होते, माणसे पुष्कळ. मी तिचा दंड धरायला गेलो तर तिने माझाच धरला. इथे घंटेचा मनोरा, असे म्हणाली; तो होता. इथून पुढे डाव्या हाताला काळे पुतळे, उजव्याही हाताला; तेही होते. इथे बाबांनी टोपी नदीत घालवली. याची खात्री करता आली नाही. अर्ध्या पुलावर तिने मला थांबवले, कठड्याशी नेले आणि बोट करून म्हणाली, की तो बघ किल्ला, किती उंच आहे बघ.

रोसविता, तिचे बोट नदीच्या वरच्या अंगाला होते. तिथे झाडे होती आणि एक बांध. किल्ला आमच्या पाठीमागे होता, उजवीकडे. मी आयुष्यभर दिशा मोजत आलो. एका अंशाच्या चुकीसाठी मी लोकांचे कागद परत पाठवले आहेत. मी म्हणालो, हो, दिसला, फार सुंदर आहे.

तिने बोट खाली घेतले. मग म्हणाली, की लहानपणापासून तुला धड खोटे बोलता आले नाही. कुठे आहे ते सांग आणि मला वळव, मोजणी खात्यात कशासाठी आहेस?

मी तिला खांद्यांना धरून वळवले. बोट मनगटाशी पकडून बरोबर किल्ल्यावर नेले, सर्वांत उंच कळसावर. तिने बोट तसेच ठेवले आणि परत पहिल्यापासून म्हणाली, की तो बघ किल्ला, किती उंच आहे बघ. मी पाहिला. खरेच उंच आहे. आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो. लोक वळसा घालून जात होते.

आता ती झोपली आहे. बूट खिडकीत वाळत घातले आहेत. उद्या ती मला बाबांनी बीअर प्यायलेली जागा दाखवणार आहे, आणि ती नेमकी कुठे आहे ते तिला आठवत नाही.

तुझा लोभ होता म्हणून इथवर आलो, तो असाच राहावा. परतीचा आराखडा केलेला नाही.

तुझा,
एकहार्ट