आधी कोकरं, मग मेंढ्या

डिंभे,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय आशाताई,

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं लिहिताना माझा हात अडखळेल. मी लिहिलं होतं की कॅमेऱ्यातून बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारी आपली डबी, म्हणजे तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, कमकुवत निघाली, तिला माझा प्रोग्राम पेलत नाही. ते चूक होतं. डबी ठणठणीत आहे. अडचण माझ्या लॅपटॉपवर, प्रोग्राम तयार करण्यात होती, आणि ताई, ती सुटली! शुक्रवारी संध्याकाळी सुटली. मी रखमाजीभाऊंच्या ओट्यावर बसून इतकी ओरडले की त्यांना वाटलं, पोरीला विंचू चावला.

रखमाजीभाऊ म्हणजे ज्यांच्या शेतात यंदा आपली मेंढरं खतासाठी बसली आहेत ते. शेत कालव्याच्या कडेला, तिन्ही बाजूंनी ऊस. दिवाळीनंतर बिबट्यानं आपला कुत्रा आबांच्या अंथरुणाशेजारून उचलून नेला, हे आईनं तुला चोरून फोन करून सांगितलं असेलच. तेव्हापासून आई रोज म्हणते, बाहेर झोपू नका. आबांचं एकच, "मेंढरं भाईर आन मी घरात? मंग मला राखनदार कोन म्हनंल?" अजूनही ते मेंढरांभोवती लावलेल्या वाघुरीच्या जाळ्याला पाठ लावून उघड्यावरच झोपतात. शेजारचा ऊस आठ तारखेपासून तुटायला लागणार आहे. ऊस तुटला की आत दडलेलं जनावर बाहेर पडतं. म्हणून कंपनीतून रजा काढून इथे बसले आहे. तू विचारणार नाहीस, पण आबांची तब्येत बरी आहे.

काय चुकत होतं ते तुला सांगायलाच हवं. लॅपटॉपचा प्रोसेसर एका जातीचा, डबीचा दुसऱ्या जातीचा. डबी एवढीशी, प्रोग्राम तिच्यावरच तयार करायला घेतला तर ती मध्येच गुदमरते. म्हणून लॅपटॉपवर बसून डबीच्या जातीचा प्रोग्राम तयार करावा लागतो. त्याचे तुकडे वेगवेगळे तयार होतात. एक तुकडा म्हणतो, चित्र वाचायचं काम मला येत नाही, ते मी दुसऱ्याकडून घेणार. अशा मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देतो तो लिंकर. संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या की तू एकेक कोकरू त्याच्या आईला लावायचीस ना, अगदी तेच काम. आणि माझा लिंकर सारखा म्हणत होता, हे नाव सापडत नाही, तेही सापडत नाही. पडदा भरून तेच. सगळी कोकरं ओरडतायत आणि आई एकाचीही नाही!

मी समजत होते की देणारी लायब्ररीच, म्हणजे तयार कामांचा गठ्ठाच, माझ्याकडे नाही. पुन्हा पुन्हा उतरवून घेतली, तरी तेच. मग सगळ्यात वरची, दर वेळी मी ओलांडून जायचे ती ओळ नीट वाचली. लायब्ररी सापडली, पण जुळत नाही म्हणून सोडून दिली, असं स्पष्ट लिहिलं होतं. लिंकर माझ्या लॅपटॉपच्या जातीची लायब्ररी हुंगत होता. नाव तेच, कळप दुसरा. मेंढी परक्या कोकराला हुंगून ढुशी मारते, तसं. मग डबीच्या मेमरी कार्डातून तिची स्वतःची लायब्ररी काढली आणि लिंकरला बजावलं, शोधायचं तर फक्त इथे. ओरडा निम्म्यावर आला.

उरलेला निम्मा मात्र जाईना. लायब्ररी आहे, जात जुळते, तरी नाव सापडत नाही म्हणतो. वैतागून उठले आणि आईला हातभार लावायला गेले. मेंढ्या आल्या होत्या, मी जाळं वर करून त्यांना आत घ्यायला लागले, तशी आई खेकसली, "आगं बये, आदी कोकरं! लॅपटॉपनं डोकं फिरलं का काय तुजं?" याच चुकीसाठी तू लहानपणी मला कोपरानं ढोसायचीस. आधी कोकरं मोकळी करायची, ती ओरडायला लागली की मग मेंढ्या आत. मेंढ्या आधी घेतल्या तर मागणारं कुणी नसतं, त्या सरळ पुढच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. मी तिथेच जाळं सोडलं आणि ओट्याकडे पळाले. ताई, लिंकरला दिलेल्या ओळीत मी देणारी लायब्ररी आधी लिहिली होती आणि मागणारा तुकडा नंतर! लिंकर त्या ओळीतून एकदाच, पुढे पुढे जातो. लायब्ररीपाशी तो पोचला तेव्हा कुणी काही मागितलेलंच नव्हतं, म्हणून काहीच न घेता तो पुढे गेला. मी फक्त दोघांच्या जागा बदलल्या. एकही चूक नाही! विश्वास बसेना म्हणून सगळं पुसून पुन्हा केलं. तरी एकही नाही. शाळेत घालायच्या आधी अक्षरं तू शिकवलीस आणि हेही तूच शिकवलं होतंस. मला आत्ता कळलं.

काल दिवस मावळताना सगळ्यांसमोर चाचणी घेतली. रखमाजीभाऊ बाजारातलं ठिपक्यांचं ब्लँकेट पांघरून चार पायांवर आले. आबा म्हणाले, "पावनं, जरा गुरगुरा की." ते गुरगुरले. डबी गप्प. "का राव, माझ्यात बिबट्या दिसंना व्हय?" म्हणून ते चक्क रुसले. मग रस्त्याकडेचा, बिबट्यापासून सावध राहा म्हणणारा फलक त्यांनी उचलून आणला आणि त्यातलं चित्र डबीसमोर धरलं. भोंगा वाजला! मी टाळ्या पिटल्या. पण दुसऱ्याच क्षणी सगळी मेंढरं उधळली, वाघूर तोडून रखमाजीभाऊंच्या कांद्यात घुसली. असं रात्री झालं तर ती उसात शिरतील, आणि आबा त्यांच्यामागे उसात शिरतील. हा विचार मी आधी केलाच नव्हता. मी धावत जाऊन भोंगा बंद केला.

मेंढरं गोळा झाल्यावर आबा माझ्याशेजारी येऊन बसले. "डबी चांगली हाय तुजी," म्हणाले, "पर भोंगा नगं. मेंढरास्नी वळखीचा आवाज पायजे." आई म्हणाली, माझा घ्या. "तुजा आयकून चाऱ्याला धावतील." मी म्हटलं, मग तुमचा. "माज्या आवाजाला आता कोन भेतंय? घसा गेला." मग ते जाळ्याची तुटलेली गाठ बांधायला लागले आणि मान वर न करता म्हणाले, "आशीची हाळी पायजे. तिनं लांडग्यावर हाळी दिली की मेंढरं जागच्या जागी चिकटून हुबी ऱ्हायची."

ताई, आबांच्या मनाविरुद्ध तुझं लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आई भाकरी थापता थापता थांबली. मी त्यांचं बोलणं जराही वाढवून लिहीत नाही. चुकलो असं ते म्हणाले नाहीत, दाजींचा विषयही निघाला नाही. मी विचारलं, आवाज फोनवर भरून आणू का? तर म्हणाले, "फोनात नगं. मेंढरं तिला वळखत्यात का, ते हितं बघाय पायजे." याचा अर्थ काय ते तूच ठरव, मी लावला तर माझ्या मनासारखाच लावीन. हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. या आठवड्यात येशील ना? दाजींनाही आण. नाही जमलं तरी मी रागावणार नाही, पण ते तुझ्या तोंडून ऐकायला मी स्वतः घाटघरला येणार. ऊसतोड सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, जुन्नरहून पहिल्या एसटीनं, रविवारी, सात डिसेंबरला.

तुझीच,
प्राची