कडेचा घास

२८ डिसेंबर, रविवार

पुन्हा तेच! आप्पांनी दोन-तीन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "माका पुरे गो." झालं, उठले!

बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून. मुद्दाम सकाळी उठून मानपाड्याच्या बाजारातून ताजे बांगडे आणले. तर हे! मी चिडले, पण चिडून दाखवायची सोय नाही. आई असत्या तर त्यांनी आपल्या नवऱ्याला दरडावून परत बसवलं असतं. मी पडले सून. सुनेनं सासऱ्यावर ओरडायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेकडे काही मागायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात असंच चालत आलंय. काय हवं-नको ते आप्पा आईंना सांगायचे आणि आई मला. आता मधलं माणूसच गेलं.

दिवाळीच्या आधी आई गेल्या. तेव्हापासून आप्पांचं जेवण उतरत चाललंय. उत्तमही त्यांचाच मुलगा, म्हणतो, "दुःख आहे विनिता, वेळ दे." देतेय की! पण दुःखानं माणूस किती दिवस उपाशी राहील?

२९ डिसेंबर

आज गॅलरी धुतली. कशी लख्ख असते हल्ली! आईंची फुप्फुसं कबुतरांच्या विष्ठेनं खराब झाली असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं. तेरावं झाल्या झाल्या जाळीवाल्याला बोलावलं. गॅलरी, हॉल, स्वयंपाकघर, सगळीकडे जाळी. आता एक पीस आत येईल तर शपथ!

फक्त आप्पांची एक जुनी सवय आहे. जेवायला बसले की पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवतात. पितरांचा असणार. पूर्वी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे, कावळा येऊन न्यायचा. आता खिडकीला जाळी. म्हणून ताट उचलताना तो घास मी ओल्या कचऱ्यात टाकते. खत तरी होईल त्याचं.

१ जानेवारी, गुरुवार

नव्या वर्षाचा पहिला दिवस दवाखान्यात!

आप्पांचं वजन आणखी उतरलंय. रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "बारा तारखेला परत आणा. खाणं वाढलं नाही तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल." आप्पांसमोरच म्हणाले. आप्पा नुसते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

रिक्षात मला बोलायचं होतं. आप्पा, काय हवं ते सांगा, मी करते. ओठांपर्यंत आलं. पण सवयच नाही! त्यांनी बाहेर बघितलं, मी पर्समध्ये बघितलं. घर आलं.

नळी नको. देवा, नळी तेवढी नको.

३ जानेवारी

अंतराच्या डोक्यातून निघालेली कल्पना. उद्या म्हणे रिसॉर्ट! शहाडच्या पुढे नदीकाठी नवीन झालंय, जंगल सफारीसारखं. आणि तिथे जेवायला आफ्रिकन बुफे!! म्हटलं, अगं, तुझे आजोबा माझ्या हातचे बांगडे खात नाहीत, ते आफ्रिकेचं काय खाणार? तर म्हणाली, "मम्मी, चेंज तर होईल ना त्यांना. आणि तुलापण." उत्तमनं विचारलं, वाढायला सिंह असतात का. आमच्या घरात एवढेच विनोद होतात.

आप्पांना अंतरानं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आफ्रिका म्हणजे खयली?" ती म्हणाली, "सगळीच, आबा." तसे आप्पा म्हणाले, "येतंय."

येतो म्हणाले! मी दारातच थांबले.

४ जानेवारी, रविवार

कुठून सुरुवात करू?

आधी ती जागा. रेस्टॉरंटचं नाव बाओबाब. मधोमध त्याच नावाच्या झाडाचा केवढा तरी बुंधा. खोटाच, पण बघून तोंड उघडंच राहिलं माझं. वर गवताचं छप्पर, भोपळ्यांचे दिवे, कुठून तरी ढोल वाजतोय, अगदी हळू. आणि पदार्थ! लाल भात, हिरव्या पालेभाज्या, शेंगदाण्याचा दाट रस्सा (थेट आमच्या उपासाची दाण्याची आमटी!), नारळाच्या दुधातली चवळी, नारळाच्या रसातले मासे, तळलेली केळी, आंबोळीची थोरली बहीण शोभेल असं एक जाळीदार घावन. मी ताट हातात घेऊन नुसतीच उभी. वाटलं होतं, काहीतरी भलतंच असेल. पण हे तर ओळखीचं! दूरच्या नातेवाइकांकडे लग्नाला गेल्यासारखं वाटलं. चेहरे नवे आणि नाकं मात्र आपल्या घरातली.

एका काउंटरवर झुहुरा म्हणून केनियाची बाई होती, माझ्याच वयाची, डोक्याला पिवळं फडकं. मोठ्या पातेल्यात पांढरी उकड घोटत होती. मक्याची. तिला उगाली म्हणतात. शेजारी तपकिरी उगाली. वास घेतला. नाचणी! मी ओरडलेच, "अगं, ही तर आमची कोकणातली!" अंतरानं तिला इंग्रजीत सांगितलं. झुहुरा हसली. म्हणाली, ही मूळची आमच्याकडची, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून तुमच्याकडे गेली. आमच्या आजेसासूबाई जिच्या भाकरीवर जन्मभर जगल्या, ती नाचणी तिकडून आलेली! आणि आम्हाला पत्ता नाही!

आप्पा त्या काउंटरपासून हलेनात. त्यांनी दुसरं काही घेतलं नाही. उगाली, पालेभाजी, मासे. आमचं टेबल नदीच्या बाजूला, उघड्यावर होतं. आप्पा बसले, मग ताटातलं काहीतरी घेऊन उठले आणि कठड्याशी जाऊन उभे राहिले. नदी बघत असतील. कठड्यावर एक कावळा येऊन बसला. एवढं आफ्रिकेत येऊन इथेही कावळेच! आप्पा परत आले, मांडी सावरल्यासारखे खुर्चीत नीट बसले.

झुहुरा आमच्यामागून आली होती. उगाली चमच्यानं खायची नसते, मी दाखवते, असं सांगायला. तिनं हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. कारण आम्ही चौघं खातच होतो. गोळा वळायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, खळग्यात रस्सा भरून तोंडात. आमच्या घरात भात-कढीसुद्धा अशीच खातात! लग्नानंतर मी माहेरी तसं जेवले तर माझ्या बहिणी हसून लोळल्या होत्या. आता मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं जमतच नाही. अंतराला तर आम्ही शिकवलंही नाही, बघून बघून शिकली.

झुहुरा कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी उत्तमकडे बघितलं. उत्तमनं आप्पांकडे.

आप्पा तरुणपणी बोटीवर खलाशी होते एवढंच आम्हाला माहीत. विचारलं तर "बोट ती बोट" म्हणून विषय संपवणार. आज मान खाली घालून म्हणाले, "मोंबासा."

तशी ती बाई एकदम वाकली आणि आप्पांना म्हणाली, "शिकामो." आणि आप्पा, आमचे आप्पा, ज्यांच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नाहीत, चटकन म्हणाले, "मराहबा!"

अंगावर काटा आला माझ्या. आत्ता लिहितानाही येतोय.

लहानानं मोठ्याला करायचा तो नमस्कार, आणि मोठ्यानं द्यायचं ते उत्तर. आप्पांचे डोळे भरून आलेले. म्हणाले, "मराहबा मी कधी म्हटलाच नव्हता. तेव्हा मी ल्हान. मी शिकामो म्हणी, आणि म्हातारी म्हणी मराहबा."

आणि मग जेवले! दोनदा उगाली मागून घेतली. मासे. चवळी. शेवटी चहात बुडवून एक गोड पुरी. मी तोंड धुवायच्या निमित्तानं जाऊन रडून आले.

५ जानेवारी

काल परतताना गाडीत आप्पांनी जे सांगितलं ते लिहायचं राहिलं.

पहिल्याच मोठ्या सफरीत त्यांना मोंबासाला ताप आला. मलेरिया. बोट ठरल्या दिवशी निघून गेली, आप्पा गोदीतल्या एका शेडमध्ये पडून. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. बाहेर एक म्हातारी हमालांना उगाली विकायची. तिनं बघितलं. पाणी पाजलं. मग रोज यायची, गोळा वळून, अंगठ्यानं खळगा पाडून, स्वतःच्या हातानं भरवायची. आपल्या टोपातलं, आईसारखं. "माझी आवस तरी आणखी काय करी?" आप्पा म्हणाले. बरे झाले तेव्हा दुसऱ्या बोटीनं परत आले. निघताना तिच्या पाया पडले. द्यायला जवळ काहीच नव्हतं आणि तिनं काही घेतलंही नसतं. पुन्हा त्या बंदराला जाणं झालं नाही.

म्हणजे आमच्या ताटातली ती खोड एका परक्या म्हातारीची! सबंध घराण्याला ती जेवायला शिकवून गेली आणि आम्हाला तिचं नावही माहीत नाही.

मी विचारलं (हो, मी! थेट आप्पांना!), "मग तुम्ही तिला काय दिलंत, आप्पा?" त्यांनी काचेबाहेर बघितलं.

असू दे. गुपित कळलंय मला. उगाली! आता मी आहे आणि उगाली आहे. डॉक्टरांची नळी गेली खड्ड्यात.

६ जानेवारी

मक्याचं पीठ आणलं. व्हिडिओ बघून केली. खळीसारखी झाली. आप्पांनी दोन घास खाल्ले. पहिलाच प्रयत्न, ठीक आहे.

८ जानेवारी

नाचणीची केली. छान जमली, उत्तमसुद्धा म्हणाला. नारळाच्या रसात पापलेट. आप्पांनी ताटाकडे इतक्या मायेनं बघितलं की मला वाटलं, झालं! कडेचा घास काढला, एक गोळा खाल्ला, ताट सरकवलं.

ओट्याशी उभी राहून सगळी उगाली मीच खाल्ली. रागानं.

१० जानेवारी, शनिवार

अंतरानं झुहुराला फोन करून पद्धत विचारली. तशीच्या तशी केली. नाही!

काय चुकतंय माझं? तेच पीठ, तेच मासे, तोच माणूस. तिथे जेवला, इथे का नाही? माझ्या हाताला चव नाही की माझ्या हातचं नकोच आहे? उत्तम म्हणतो असं मनाला लावून घेऊ नकोस. परवा बारा तारीख. त्यानं आप्पांची पिशवी भरून ठेवलीय, टॉवेल, कवळीची डबी, चष्मा. पिशवी दारामागे आहे आणि आप्पा येता-जाता तिच्याकडे बघतात.

मला भीती वाटतेय.

११ जानेवारी, रविवार

दुपारी आप्पांनी ताट सरकवलं. मी उचललं, कडेचा घास नेहमीसारखा कचऱ्याच्या डब्यावर धरला. मागून आवाज, "टाकू नको गो."

मला म्हणाले! काहीतरी मागितलं!

"तो तिचो आसा."

पितरांचा नव्हेच तो. मोंबासाच्या म्हातारीचा. तिला द्यायला जवळ काही नव्हतं, म्हणून घरी आल्यापासून आजपर्यंत रोजचा पहिला घास तिचा. कावळा नेईल, पोचवील. फक्त आईंना माहीत होतं. आणि जाळी तर आई गेल्या म्हणून लावलेली, ती काढ असं कुठल्या तोंडानं सांगणार? "तिचो घास कचऱ्यात आणि माझो पोटात? गिळवत नाय गो."

तो कठडा! तो कावळा! आणि मी मूर्ख, उगाली घोटत बसले!

अनवाणी जिने उतरले. मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर घास ठेवला. वर जाळीला कपाळ टेकून आप्पा. कावळा आला, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि उचलला.

"नेला, आप्पा! नेला!" सगळी सोसायटी खिडकीत आली असेल.

वर पोचले तर आप्पा पुन्हा ताटावर बसलेले, भाताच्या गोळ्यात अंगठा रुतवत.

"कढी वाढ गो," म्हणाले.